लिंबूटिंबू

मराठीत 'वेळ' या शब्दाला दोन लिंगं आहेत आणि माझं पोट त्यांवर चालतं. वेळ जातो, तो पुल्लिंगी. वेळ येते, ती स्त्रीलिंगी. 'माझा वेळ गेला' म्हटलं की दुपार फुकट गेली, एवढंच. 'माझी वेळ आली' म्हटलं की डॉक्टरला बोलवा, किंवा आता राहू द्या. हा फरक ज्याला कळत नाही त्याने मराठीत एक ओळसुद्धा लिहू नये असं माझं मत आहे. ते मी ऑफिसात इतक्या वेळा ऐकवलंय की साहेब मला पाहिलं की आधीच मान डोलावतात.

माझं काम म्हणजे फोनवरच्या खेळांचं आणि करमणुकीच्या ॲपांचं मराठी करणं. बटणावर काय लिहायचं, हरलेल्याला काय म्हणायचं, कंटाळून निघालेल्याला कसं थांबवायचं. आधी कंप्युटर एक मराठी करून देतो आणि मग मी त्या मराठीचे निखळलेले हातपाय जागेवर बसवते. 'घटकाभर' नावाचा खेळ आला तेव्हा त्याने केलेलं पहिलंच वाक्य वाचून माझी हसून मुरकुंडी वळली होती. चौघांनी आपापल्या घरी बसून खेळायचा सोंगट्यांचा खेळ. एकाने फासा टाकला की पुढच्याच्या फोनवर निरोप जातो, आता तू टाक. कंप्युटरने तो निरोप लिहिला होता, 'तुमची वेळ आली आहे.'

"लोकांनी खेळायचंय की मृत्युपत्र करायचंय?" मी साहेबांना विचारलं आणि ते वाक्य माझ्या हाताने पुसलं. 'तुमची पाळी' लिहावं तर शाळकरी पोरं खिदळणार. शेवटी 'तुमचा डाव आला' असं लिहिलं. चारांतली एखादी खुर्ची रिकामी असेल तर तिथे ॲप स्वतःच खेळायला बसायचं, त्याचं नाव मी 'पाहुणा' ठेवलं. आणखी एक सोय होती. घरातलं चिल्लंपिल्लं खेळायला बसलं तर त्याच्या नावापुढे एक खूण करायची, मग त्याची सोंगटी कुणाला मारता येत नाही. ते हरत नाही, जिंकतही नाही. या सोयीला नाव द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. लिंबूटिंबू.

"हे काय असतं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही लहानपणी कुणाशी खेळलाच नाहीत का हो?" मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

घरी आम्ही दोघं, बाबा आणि मी. बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. एकदा दोर तुटला आणि ते लिफ्टसकट खाली गेले, पण मध्येच कुठेतरी अडकून वाचले. हनुवटीखाली त्याचा व्रण आहे. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," ही त्या गोष्टीची शेवटची ओळ, आणि ती गोष्ट ऐकायची ज्याची राहिलीय असा माणूस आमच्या इमारतीत नाही. मग आई गेली. मग बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि जन्मभर खाली-वर करणारा हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसला. मी दिवसभर शेजारच्या खोलीत कामात असायची. त्यांचा वेळ जाईना. हा पुल्लिंगी वेळ.

म्हणून मी त्यांच्या फोनवर नाना ॲपं भरून दिली. रेडिओचं दिलं, तर "या बाईला सर्दी झालीय" म्हणून बंद केलं. तुकडे जुळवून चित्र करायचं दिलं, तर त्यांनी कडा जुळवल्या, घर जुळवलं, झाडं जुळवली आणि आभाळ तसंच सोडून दिलं. आभाळ काय, सगळं सारखंच, म्हणे. पक्ष्यांचे आवाज ओळखायचं ॲप दिलं, त्याने बाबांच्या घोरण्याला घुबड ठरवलं. मग माशांची टाकी दिली. ती मात्र त्यांना फार आवडली. वेळच्या वेळी दाणे टाकायचे, पाणी बदलायचं. पण मध्ये तपासण्यांसाठी दवाखान्यात राहावं लागलं आणि परत येऊन फोन उघडला तर सगळे मासे उताणे तरंगत होते. बाबा तरी दाणे टाकत बसले.

"खोटे मासे आहेत हो ते," मी म्हटलं.

"उपाशी तर खरेच राहिले ना," ते म्हणाले.

शेवटी 'घटकाभर' दिलं आणि ते चिकटलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर, कोपऱ्यावरचे शिंपीकाका आणि बाबा असे तिघे, चौथ्या खुर्चीवर पाहुणा. मास्तरांनी शाळेत चित्रकला शिकवली होती आणि निवृत्तीनंतर जगाच्या चुका काढणं एवढाच उद्योग त्यांना उरला होता. शिंपीकाकांचं दुकान अजून चालू होतं. शिलाई मशीनच्या फळीवर फोन ठेवून ते खेळायचे. तिघे म्हातारे तीन ठिकाणी बसून दिवसभर एकमेकांच्या सोंगट्या मारत आणि मग फोन करून एकमेकांचा उद्धार करत. पाहुणा अर्थातच बोलायचा नाही. तो सावकाश खेळायचा, आणि कुणाची सोंगटी तावडीत आली की सोडायचा नाही.

"हा पाहुणा कोण गं?" बाबांनी एकदा विचारलं.

"कुणी नाही. ॲपच खेळतं ते."

"ॲप म्हणजे यंत्रच ना? यंत्राला घाई असते. बटण दाबलं की निघालं. याला अजिबात घाई नाही."

मी हसले होते. बाबांना लिफ्ट सोडून काही दिसत नाही, असं मला वाटलं.

एका सकाळी मास्तरांनी मला त्यांच्या फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाईसाहेब, तुमच्या वहीवर लाल शेरा मारावा लागणार.' फोटोत 'घटकाभर'चा निरोप होता. 'तुमची वेळ आली आहे.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणीतरी माझं वाक्य बदलून कंप्युटरचं जुनं गचाळ वाक्य परत घुसवलं होतं. मी सगळी वाक्यं उघडून शोधलं. नव्हतं. साहेबांना फोन केला, त्यांनी त्यांच्याकडून शोधलं. "असं वाक्यच नाहीये आपल्याकडे," ते म्हणाले. तरी खात्री करायला मी खाली मास्तरांकडे गेले. त्यांच्या फोनवर ते वाक्य होतं आणि त्याखाली फासा गरगर फिरत होता, कुणीतरी बोट लावायची वाट बघत.

"टाकू का?" मास्तरांनी विचारलं.

"टाका की. मी बघते कुठे गडबड झाली ते."

"आधी जेवतो. मग जरा आडवा होतो. मग त्या तुझ्या बापाची सोंगटी मारतो."

संध्याकाळी त्यांची सून वर आली. मास्तर जेवून आडवे झाले होते ते उठलेच नव्हते.

वय झालं होतं. सगळे तेच म्हणाले आणि मीही म्हटलं. मास्तरांना पोचवून आल्यावर शिंपीकाका आमच्याकडे येऊन बसले. मी चहा केला. मी पुन्हा ओतायला गेले तर बाबांनी कपावर तळहात ठेवला. नको असलं की ते कधीच 'नको' म्हणत नाहीत, नुसता हात ठेवतात. मग मी त्या निरोपाची गोष्ट सांगितली. गंमत म्हणून सांगायला गेले, पण सांगताना ती गंमत राहिली नाही.

शिंपीकाकांनी खिशातून फोन काढून खेळ उघडला. मास्तरांच्या खुर्चीवर आता 'पाहुणा' लिहिलेलं होतं. खुर्ची रिकामी झाली की ॲप ती भरतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी ते दोन पाहुणे मी पुन्हा मोजले.

"मला नको रे बाबा हे," शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनी आमच्यासमोर तो खेळ फोनवरून काढून टाकला. "काजं-बटणं करण्यात माझा वेळ झकास जातो."

त्यानंतर काही दिवसांनी मी उसवलेला पडदा घेऊन त्यांच्या दुकानात गेले. भरदुपारची वेळ होती. ते गळ्यात टेप अडकवून मशीनवर बसले होते, मला बघून "ठेव, आत्ता देतो" म्हणाले. तेवढ्यात फळीवरचा फोन थरथरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

खेळ त्यांच्या फोनवर नव्हता. मी पुन्हापुन्हा शोधला. निरोप तेवढा होता.

"काढलं होतं ना गं मी?" ते म्हणाले. "तुझ्यासमोर काढलं ना?"

"फोन जुना झालाय काका. काहीतरी अडकून राहिलं असेल." मी तो निरोप पुसला. "दुकान बंद करा. आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ. उगाच, माझ्या समाधानासाठी."

"जाऊ की. एवढी शिलाई पुरी करतो. अर्धं काम सोडून उठू नये."

मी उंबऱ्यात उभी राहिले. मशीन धावत होतं, पडदा सरकत होता. मग मशीनचा आवाज हळूहळू कमी होत थांबला. शिंपीकाकांनी हातावर डोकं टेकलं होतं, शिलाई मोजताना टेकायचे तसंच. शिलाई कडेपर्यंत पुरी झाली होती. मी हाक मारली, मग हलवलं, मग रस्त्यावर जाऊन ओरडले. काही उपयोग नव्हता.

या खेळात डाव उजवीकडून फिरतो. मास्तर, मग शिंपीकाका, मग बाबा.

मला भीती वाटली. मी बाबांचा फोन कपाटात कपड्यांखाली लपवला आणि मग आठवलं की शिंपीकाकांनी तर खेळच काढून टाकला होता. लपवून काय होणार? ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं तर त्यांनी मला चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. घरी आल्यावर बाबा कपाटापुढे उभे होते, फोन हातात.

"पुढचा मीच ना?" त्यांनी विचारलं.

"असं काही नसतं बाबा. निव्वळ योगायोगाने घडलेली बाब आहे ती."

"पंतोजी," ते म्हणाले. माझ्या मराठीच्या खोडीमुळे ते मला लहानपणापासून पंतोजी म्हणतात. "खोटं बोलायला लागलीस की तुझं मराठी बिघडतं."

ते झोपायला गेल्यावर मी त्यांचा फोन घेऊन बसले आणि त्या खेळातलं एकेक बटण दाबून बघू लागले. सगळी माझीच वाक्यं. 'पुन्हा खेळा.' 'नंतर बघू.' आणि मग ती खूण दिसली, छोटंसं पिवळं लिंबू. ते दाबलं. ॲपने विचारलं, 'या खेळाडूला खेळात धरायचं नाही. नक्की?' हेही मीच लिहिलेलं. मी बाबांना विचारलं नाही. 'नक्की' दाबलं.

निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. डाव एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे जायचा, बाबांच्या खुर्चीपाशी किंचित अडखळायचा आणि पुढे सरकायचा. मी स्वतःवर इतकी खूश होते की घरात गाणी म्हणत फिरत होते. कुणी आपल्याला सुशिक्षित म्हणो न म्हणो, वेळप्रसंगी एक चांगला मराठी शब्द कामी येतो, असं मला वाटत होतं.

मग लिफ्टचं सुरू झालं. आमच्या लिफ्टमध्ये माणसाने पाऊल ठेवलं की आतला पंखा लागतो. बाबा आत गेले, पंखा लागला नाही. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला नाही. दार मिटलं आणि लिफ्ट कुणाच्या तरी हाकेने वर निघून गेली, मग खाली, मग पुन्हा वर. शेवटी मी बाहेरून बटण दाबलं तेव्हा बाबा आमच्याच मजल्यावर बाहेर आले. त्यांनी काठी मला धरायला दिली आणि वाकून वजन ओळखणारी तळाची पट्टी तपासली, तारा तपासल्या.

"लिफ्ट ठीक आहे," ते हळूच म्हणाले. "दोष लिफ्टमध्ये नाही."

मी त्यांना हाताला धरून जिन्याने न्हाव्याकडे सोडून आले. बऱ्याच वेळाने परत गेले तर ते तसेच बाकावर, दाढी वाढलेली. त्यांच्यानंतर आलेली माणसं गुळगुळीत होऊन गेली होती आणि न्हावी खाली पडलेले केस झाडत होता. मी बोलल्यावर तो चपापला. "अरे, तुम्ही बसलाय होय! दिसलाच नाहीत." जीभ चावून त्याने बाबांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी बोलत बोलत त्याची दाढी उभ्याउभ्याच करायला लागला. दवाखान्यात भिंतीवरचा आकडा बाबांच्या आधीच्यावरून थेट त्यांच्या नंतरच्यावर गेला. शेजारी आले की आमच्या दोघांच्या मधून बोलायचे, म्हणजे बाबांच्या तोंडासमोरून माझ्याशी. कुणी त्यांचा अपमान करत नव्हतं. हाक मारली की सगळे प्रेमाने बघायचे, आणि मान वळली की विसरायचे.

म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, मी स्वतःला समजावलं. लोकांना घाई असते. निदान श्वास तर चालू आहे. जेवतायत, झोपतायत, खुर्चीत बसतायत. आणखी काय पाहिजे? बाबा काही सांगायचं म्हणून तोंड उघडायचे, समोरचा दुसरीकडे बघतोय हे दिसलं की मिटायचे. ती लिफ्टची गोष्टसुद्धा त्यांनी सांगणं सोडलं. तिची आठवण येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि फोनवर साहेब होते. नव्या खेळाचं काम घाईचं होतं, माझ्या घरी येऊन बसलं तर चालेल का, असं विचारत होते. "घरी कुणाची अडचण तर नाही होणार?"

"छे हो," मी म्हटलं. "मी एकटीच तर असते."

फोन ठेवला, कप उचलला आणि बाहेरच्या खोलीत आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात एकच कप होता. ओट्यावरही दुसरा नव्हता, आणि भांड्यातही एकाच माणसाचा चहा टाकला होता. सकाळीही तेवढाच टाकला होता का, ते मला आठवेना.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं. आवाज खोल गेला होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. "काय केलंस गं माझं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडले. 'लिंबूटिंबू' ऐकल्यावर ते आधी हसले, अगदी पोटातून. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चार भावांत मी शेंडेफळ," ते म्हणाले. "मला सगळे लिंबूटिंबू धरायचे. मी जीव खाऊन पळायचो आणि माझ्यामागे कुणी लागायचंच नाही. एकदा असा लपलो, असा लपलो की वा. श्वास रोखून. सगळे सापडले, डाव संपला, पोरं घरी जाऊन जेवली. मला शोधायचं असतं हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी तसाच बसून होतो. अंधार पडल्यावर रडत बाहेर आलो. माझ्यावर राज्य यावं म्हणून रडत होतो, कळलं? लोक राज्य नको म्हणून रडतात."

"बाबा, पण खेळात घेतलं की ते वाक्य येईल."

"येऊ दे."

"आणि मग मी काय करू? तुम्ही गेलात तर या घरात मला कोण आहे?"

"आत्ता कोण आहे?" ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. "खेळात घे मला."

मी फोन आणून दिला. मला ते बटण दाबवेना. बाबांनी चष्मा लावला आणि लिंबावर बोट ठेवलं. 'या खेळाडूला खेळात घ्यायचं. नक्की?' त्यांनी स्वतः 'नक्की' दाबलं.

मग ते काठी घेऊन निघाले. मी मागोमाग. लिफ्टमध्ये त्यांनी पाऊल टाकलं आणि पंखा घरघरत लागला. बाबांनी वर बघून त्या पंख्याला "शाबास" म्हटलं. न्हाव्याने दारातच धरलं. "काय हो, कुठे गायब होतात? की दुसरा न्हावी शोधलात?" बाबांनी दाढी करून घेतली, हनुवटी वर करून व्रण दाखवला आणि दुकानातल्या सगळ्यांना लिफ्टची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ती ओळ ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

घरी येऊन मी चहा केला. दोन कप. बाबांनी खुर्चीत बसून खेळ उघडला. तिन्ही खुर्च्यांवर पाहुणे होते. फोन थरथरला, पण निरोप माझाच होता. 'तुमचा डाव आला.' बाबांनी फासा टाकला. पुन्हा आला, पुन्हा टाकला. मास्तरांच्या खुर्चीवरच्या पाहुण्याची सोंगटी त्यांनी मारली आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, घ्या." मी मनातल्या मनात म्हणत होते, चुकलं असेल आपलं. म्हातारी माणसं होती ती. योगायोग होता.

चहाचा कप त्यांनी नुकता उचलला होता, एक घोटही घेतला नव्हता, तेव्हा फोन पुन्हा थरथरला.

'तुमची वेळ आली आहे.'

आम्ही दोघांनी ते वाचलं. खाली फासा फिरत होता, सावकाश. बाबांच्या हातातला कप बशीवर वाजत होता, म्हणजे तेही घाबरले होते. मग त्यांनी कप घट्ट धरला, दुसऱ्या हाताची मूठ वळून ओठांना लावली आणि फोनकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाले,

"टॅम्प्लीज."

खेळताना चप्पल तुटली, आईने हाक मारली, तहान लागली की आम्ही पोरं असंच करायचो. मला ते त्यांनीच शिकवलं होतं. एकदा मूठ ओठांना लावली की कुणी कुणाला बाद करायचं नाही.

"चहा संपेपर्यंत," बाबा म्हणाले.

फासा थांबला. ते वाक्य पुसलं गेलं आणि त्या जागी एकच शब्द आला.

'दिली.'

तो शब्द मी लिहिलेला नाही. त्या खेळात तो कुठेही नाही, मी नंतर शोधून पाहिला. आणि टॅम्प्लीज स्त्रीलिंगी असते हे कुठल्याही कंप्युटरला माहीत असणं शक्य नाही. ते फक्त जो कधीतरी खेळलाय त्यालाच माहीत असतं.

बाबा चहा पितात. खिडकीत बसून, अगदी बारीक घोट घेत. न्हावी वर येऊन दाढी करून जातो, शेजारी गप्पा मारायला येतात, साहेबसुद्धा येऊन लिफ्टची गोष्ट ऐकून गेले. कप मी कधी धूत नाही. तळाशी दोनेक घोट उरले की किटली घेऊन जाते आणि ओतते. थंडावर गरम. चव कशी लागते ते मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. फोन त्यांच्या शेजारी असतो, फासा थांबलेला, तिन्ही पाहुणे बसलेले. त्यांना घाई नाही.

किटली घेऊन जाताना मी आधी बाबांच्या हाताकडे बघते. तो कपावर ठेवला तर मी ओतायचं नाही, हे आमचं न बोलता ठरलंय. काल त्यांनी हात जरा उचलला होता, पण केस मागे सारायला.

आज सकाळी त्यांनी कप पुढे केला.